थप्पीतल्या काचा दुधाळ का होतात?

शाळेच्या खिडक्यांसाठी उन्हाळ्यात काचा आणल्या. सुतार मिळेना, म्हणून थप्पी तशीच कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून राहिली. वर एक कौल फुटकं. दिवाळीनंतर बघतात तर निम्म्या काचा दुधाळ! शिपायानं सोड्यानं घासल्या, राखेनं घासल्या, डाग हटेना. दुकानदार म्हणतो, "माल चांगलाच दिला होता." त्याचंही खोटं नसतं.

वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून काच होते. तिला पाणी काही करत नाही, अशी आपली समजूत. पण दोन काचांच्या फटीत ओल कोंडली, की ती काचेतला सोडा हळूहळू ओढून घेते. ते पाणी धुण्याच्या सोड्यासारखं जळजळीत होतं आणि मग काचेतली वाळूच कुरतडू लागतं. म्हणजे वरून सोडा घासणं हे आगीत तेल! खिडकीत बसवलेली काच मात्र कित्येक पावसाळे काढते, कारण सुटलेला सोडा पाऊसच धुऊन नेतो.

काही जण म्हणतील, काच साखरली. ते दुखणं वेगळं. मधात साखर धरते तसे काचेतही खडे धरतात, पण ते भट्टीत, काच साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसला जास्त वेळ रेंगाळली तर. ओगलेवाडीची कंदिलाच्या काचांची जुनी भट्टी असो की आजची, ही धास्ती सगळ्यांनाच. घरात ठेवलेली काच साखरत नाही.

तेव्हा ग्रामसेवकांनी, मुख्याध्यापकांनी पावतीवर सही करण्याआधी थप्पीच्या मधली एक काच काढावी आणि काळ्या कापडासमोर तिरपी धरून बघावी. काचा उभ्या, लाकडी पट्ट्यांवर, मध्ये कोरडा कागद घालून ठेवाव्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नयेत, आत घाम धरतो. भिजल्याच तर त्याच दिवशी सुट्या करून धुवाव्यात, पुसाव्यात. फिकट झाक व्हिनेगरनं कधी कधी जाते. खोल गेलेली जात नाही. ती काच न्हाणीघराच्या खिडकीला लावावी, तिथं दुधाळच बरी.

सौरपंपाच्या पॅनेलवरचा पांढरा थर बहुधा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा असतो. शक्य तर पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, सकाळी पॅनेल थंड असताना मऊ फडक्यानं धुवा आणि पाणी वर वाळू देऊ नका. घासणी, धुण्याची पावडर, ॲसिड यांतलं काहीही लावू नका.