व्हिनाइल फिल्म घ्यायचीय? आधी भिंतीवर टॉर्च मारा

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे वाचा.)

आजचा विषय घरातलाच आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. नाणेघाट, माळशेजच्या वाटेवर ज्यांचं घर आहे, त्यांच्या मनात पर्यटकांसाठी एखादी खोली काढायचा विचार येतोच. मग कुणीतरी म्हणतं, "रंगाचा व्याप कशाला? व्हिनाइल मारून टाकू." कल्पना वाईट नाही. पण कुठे मारायचं आणि कोणतं, हे कळलं नाही तर घरच्यांचे पैसे एका पावसाळ्यात सुटून खाली येतील.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. व्हिनाइल फिल्म म्हणजे पीव्हीसीचा पातळ थर. त्यावर डिझाईन छापलेलं, वरून संरक्षक थर आणि मागे गोंद. भिंती-फर्निचरच्या चांगल्या फिल्मची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. एवढंच! म्हणजे ती खालचं काहीही दुरुस्त करत नाही, फक्त झाकते. आणि नीट निवडली नाही तर झाकतही नाही.

चमक
ग्लॉसी फिल्म उजेड परतवते, अंधारी खोली जरा उजळ वाटते. पण खालचा प्रत्येक खडा, प्रत्येक खळगा ती दाखवते. मॅट हे सगळं बऱ्यापैकी लपवते, मात्र गडद मॅटवर बोटांचे ठसे उठून दिसतात. सॅटिन दोन्हींच्या मधली. ठरवायचं कसं? रात्री दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा मारा. जेवढ्या सावल्या दिसतील तेवढे उंचवटे. सावल्या जास्त असतील तर ग्लॉसीचा हट्ट सोडा, किंवा आधी पुट्टी करून घासून घ्या.

पोत आणि नक्षी
लाकूड, दगड, कापड, धातू, सगळे प्रकार मिळतात. लाकडाच्या फिल्मला रेघांची दिशा असते. कपाटाच्या एका दारावर रेघा उभ्या आणि दुसऱ्यावर आडव्या झाल्या, की खोटेपणा लगेच कळतो. धातूसारख्या फिल्मची एखादी पट्टी उलटी लागली तर तिची छटाच वेगळी दिसते. हाताला खरखरीत लागणारा पोत बैठकीत छान वाटतो, पण स्वयंपाकघरात त्याच्या खाचांत तेल आणि धूळ बसते. तिथे गुळगुळीत घ्या. आणि गॅसच्या शेगडीलगत तर नकोच, उष्णतेने पीव्हीसी मऊ पडतं, आक्रसतं.

जोड
बऱ्याच रोलची रुंदी १२२ सेंटिमीटर असते, म्हणजे चार फूट. तीन बाय सात फुटांचं दार एका तुकड्यात होतं. दहा फूट रुंद भिंतीला मात्र तीन पट्ट्या, म्हणजे दोन जोड. साध्या रंगात ते दिसतात. फळ्यांच्या डिझाईनमध्ये जोड फळीच्या रेघेवर घेतला की लपून जातो.

आता आपल्याकडची खरी गोष्ट : ओल
आपले दोन्ही तालुके पश्चिमेला सह्याद्रीत भिजतात आणि पूर्वेला कोरडे पडतात. बेल्हे किंवा लोणी-धामणीकडे जी भिंत चालेल, तीच आहुप्याकडे, डिंभ्याच्या वर चालेलच असं नाही. फिल्ममधून ओल बाहेर पडू शकत नाही. ती आत कोंडते, मग फुगे येतात, कडा सुटतात, मागे बुरशी धरते. म्हणून भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव दिसलं किंवा भिंत काळपट पडली, तर तिथे फिल्म नाही. ही तपासणी पावसाळ्यातच करा, मे महिन्यात प्रत्येक भिंत कोरडी वाटते. पोपडे निघणाऱ्या डिस्टेंपरवरही फिल्म टिकत नाही, ती पोपड्यासकटच खाली येते.

मग लावायची कुठे? प्लायचं कपाट, सनमायकाचं जुनं टेबल, गुळगुळीत फ्लश दार, लोखंडी कपाट, जिप्समची पार्टिशन. पृष्ठभाग कोरडा, घट्ट आणि सपाट असला की ही फिल्म मस्त काम करते. कडांना प्रायमर लावून हीट गनने वळवून घेतली तर आणखी टिकते.

शेवटचं एक. जुन्या वाड्याचं सागवानी दार किंवा चुन्या-मातीची भिंत असेल, तर तिला हात लावू नका. चुन्या-मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते. आणि शहरातला माणूस तुमच्याकडे लाकडाची फिल्म बघायला येत नाही, ती त्याच्या घरी आहे. खरं सागवान तुमच्याकडे आहे. ते घासून तेल लावा, आणि उरलेल्या पैशांत प्लायच्या कपाटाला चांगली सॅटिन फिल्म घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत रात्री टॉर्च मारून बघाच!