डोकी मोजणं आणि ऑपरेशन

मुलांना रामकुंडावर नेलं की आपण निघताना-परतताना डोकी मोजतोच. मुलं ओळखीची, तरी मोजतो. घाईत कोणीही चुकतं.

ऑपरेशनमध्येही तसंच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी आणली. ते काम पाहिलं मूळच्या यवतमाळच्या कुटुंबातले, अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबायचं. रुग्णाचं नाव, ऑपरेशनची जागा तपासायची. शेवटी बोळे, सुया मोजायच्या. सगळ्यांनी आपापलं नावही सांगायचं, म्हणजे चूक दिसली की ज्युनिअर नर्सही बोलते. दिल्लीसह ८ शहरांतल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं.

तेव्हा दवाखान्यात तेच नाव तिसऱ्यांदा विचारलं, तर चिडू नका. आणि “बाई, एक जण कमी आहे” म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका.