कृष्णद्रव्याचा शोध : नकारात्मक निष्कर्षांचे वैज्ञानिक मूल्य

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात यशस्वी शोधांची नोंद आवर्जून घेतली जाते. शोधूनही काही न सापडल्याची नोंद मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. कृष्णद्रव्याचा, म्हणजेच डार्क मॅटरचा, शोध हे याचे ठळक उदाहरण होय. या द्रव्याच्या अस्तित्वाचे खगोलशास्त्रीय पुरावे भक्कम आहेत. तथापि त्याचा एकही कण आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे आढळलेला नाही. या नकारात्मक निष्कर्षांचा सैद्धांतिक कणभौतिकीच्या दृष्टीने काय अर्थ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खगोलशास्त्रीय पुरावे

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांच्या वेगांचा अभ्यास केला. ते वेग इतके अधिक होते की, केवळ दृश्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने हा समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. १९७० मध्ये व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिवलनाचे मोजमाप प्रसिद्ध केले. सूर्यमालेत पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, तर दूरच्या नेपच्यूनचा केवळ ५.४ किलोमीटर आहे. दीर्घिकांमध्ये मात्र केंद्रापासूनचे अंतर वाढले तरी वेग फारसा घटत नाही. यावरून प्रकाशमान भागाच्या पलीकडेही वस्तुमान पसरलेले असावे, असे अनुमान निघते. प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांनुसार विश्वात साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, तर कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के असून उर्वरित भाग कृष्ण ऊर्जेचा आहे.

विंपची संकल्पना

ज्ञात मूलकणांपैकी कोणताही कण ही भूमिका पार पाडू शकत नाही. न्यूट्रिनो विद्युतभाररहित असला तरी तो अत्यंत हलका व वेगवान आहे. त्यामुळे दीर्घिकांची जडणघडण त्याच्याद्वारे स्पष्ट होत नाही. म्हणून ‘विंप’ या वजनदार व अत्यल्प आंतरक्रिया करणाऱ्या कणाची कल्पना पुढे आली. आरंभीच्या तप्त विश्वात असे कण निर्माण होत व परस्परांना नष्ट करीत. विश्व प्रसरण पावून थंड झाल्यावर त्यांच्या भेटी दुर्मीळ झाल्या आणि उरलेले कण टिकून राहिले. त्यांची आंतरक्रिया दुर्बल बलाइतकी मानल्यास उरणारे प्रमाण आज आढळणाऱ्या कृष्णद्रव्याशी जुळते. महासममितीच्या सिद्धांतातूनही स्वतंत्रपणे असाच कण सूचित होत होता. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्यामुळे अभ्यासकांचा विश्वास दृढ झाला.

प्रयोगांची साक्ष

अमेरिकेतील साउथ डकोटा येथे जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटर खोलीवर ‘लक्स-झेपलिन’ हा प्रयोग चालतो. द्रवरूप झेनॉनच्या अणुकेंद्रकावर विंप आदळल्यास क्षीण प्रकाश व काही इलेक्ट्रॉन निर्माण व्हावेत, हे त्याचे तत्त्व आहे. २०२४ मध्ये २८० दिवसांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष जाहीर झाला. विंप आढळला नाही. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला. परंतु महासममितीने सुचविलेले कण अद्याप सापडलेले नाहीत.

इटलीतील ‘डामा’ गटाने मात्र सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांमध्ये वार्षिक चढउतार दिसल्याचा दावा दीर्घकाळ केला आहे. त्याच प्रकारचे स्फटिक वापरणाऱ्या स्पेनमधील ‘अनाइस’ व दक्षिण कोरियातील ‘कोसाइन’ या प्रयोगांना त्या दाव्यास पुष्टी मिळाली नाही.

सद्यःकालीन प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाच्या मर्यादेचा आहे. २०२४ मध्ये ‘झेनॉन-एनटी’ व ‘पांडाएक्स’ या प्रयोगांत सौर न्यूट्रिनोंच्या धडकांची पहिली चिन्हे दिसली. ही चिन्हे विंपच्या अपेक्षित खुणेसारखीच असल्यामुळे यापुढे दोहोंतील भेद ओळखणे अधिकाधिक कठीण होत जाईल.

दुसरा प्रश्न पर्यायी कणांचा आहे. १९७७ मध्ये पेच्चेई व क्विन यांनी प्रबल बलाविषयीची एक समस्या सोडविण्यासाठी मांडलेल्या कल्पनेतून ‘अ‍ॅक्सिऑन’ या अतिहलक्या कणाचे भाकीत निघाले. तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्याचे सूक्ष्मलहरींत रूपांतर व्हावे, या अपेक्षेने त्याचा शोध चालू आहे.

तिसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे : गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा काय? १९८३ मध्ये मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी तसा प्रस्ताव मांडला. दीर्घिकांच्या परिवलनाचे स्पष्टीकरण त्यातून चांगले मिळते. मात्र परस्परांवर आदळलेल्या ‘बुलेट’ समूहात वायू मागे राहून गुरुत्वीय वस्तुमान पुढे गेल्याचे २००६ मधील निरीक्षण त्याला अडचणीत आणते.

भारतातही या क्षेत्रास परंपरा आहे. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने कोलार सोन्याच्या खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली. झारखंडमधील जादूगोडा येथे ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा कृष्णद्रव्याच्या शोधासाठीच उभारली गेली.

समारोप

प्रत्येक नकारात्मक निष्कर्ष काही शक्यता कायमच्या बाद करतो. हे त्याचे ज्ञानमूल्य होय. त्याचबरोबर एक धोकाही संभवतो. प्रत्येक अपयशानंतर कणाचे गुणधर्म सोयीनुसार बदलत गेल्यास गृहीतक खोटे ठरण्याची शक्यताच उरत नाही आणि त्याचे वैज्ञानिक स्वरूप क्षीण होते. म्हणूनच महाविद्यालयीन अध्यापनात हा विषय मांडताना ‘अदृश्य गुरुत्वाकर्षण आढळते’ हे निरीक्षण आणि ‘ते विशिष्ट कणामुळे आहे’ हे गृहीतक यांतील अंतर स्पष्ट ठेवणे आवश्यक ठरते. पहिल्याविषयी शंका फारशी उरलेली नाही; दुसऱ्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.