अंदमान, आईच्या चालीने

सत्तरी ओलांडलेल्या मराठी माणसाला ‘कुठे जावंसं वाटतं?’ असं विचारलं, तर काशी-रामेश्वराच्या जोडीला अंदमानचं नाव बरेचदा निघतं. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ वाचत मोठी झालेली ही पिढी. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहायचं, ही इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षं असते. मुलांना निळं पाणी आणि पांढरी वाळू खुणावत असते. दोघांचं एकाच सहलीत जमण्यासारखं हे ठिकाण आहे. अडचण होते ती वेळापत्रकाची. बाजारातल्या बहुतेक पॅकेजांत पाच रात्रींत तीन बेटं, चार बोटी आणि पहाटे तीनला उठून बाराटांग असं सगळं कोंबलेलं असतं. गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाची त्यात फरफट होते. तेव्हा ठिकाणं कमी करा, मुक्काम वाढवा. पुढचं सगळं याच एका धोरणावर उभं आहे.

किती दिवस, कोणती बेटं

सात-आठ रात्री हाताशी असाव्यात. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) सुरुवातीला दोन रात्री, मग स्वराज द्वीपला तीन, शहीद द्वीपला एक किंवा दोन आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. स्वराज म्हणजे जुनं हॅवलॉक आणि शहीद म्हणजे नील. २०१८ च्या डिसेंबरात ही नावं बदलली, पण टॅक्सीवाले, हॉटेलवाले अजून दोन्ही नावं वापरतात, म्हणून आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. उत्तर अंदमानातलं दिगलीपूर या खेपेला नको, रस्त्याचा प्रवास फार लांबचा आहे.

मुंबई-पुण्याहून निघताना चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागण्याची शक्यता बरीच असते. तिथे मध्ये किमान दोन-अडीच तास मोकळे ठेवा आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा. ‘मी काय अपंग आहे का?’ असं आई म्हणेलच. तिला सांगा, की चालता येतं की नाही हा प्रश्न नाही. मोठ्या विमानतळावरची ती लांबलचक चाल वाचली, तर तेवढीच ताकद समुद्रकिनारी उपयोगी पडेल. पोहोचल्याच्या दिवशी जेवण आणि झोप, एवढंच.

तिथला सूर्य लवकर उठतो

हा भाग नीट समजून घेतला तर निम्मी सहल सोपी होते. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आगेमागे उगवतो, पोर्ट ब्लेअरला पावणेसहाच्या आतच. मावळतोही लवकर, पाच-सव्वापाचला. सहा वाजता किट्ट अंधार असतो.

तरुण मंडळींना याचा त्रास होतो. दहाला नाश्ता करून बाहेर पडलं की दिवस हातातून जातो. पहाटे उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मात्र हे घड्याळ फार सोयीचं पडतं. साडेपाचला चहा, सहाला किनाऱ्यावर, आठच्या आत परत. तोवर ऊन कोवळं असतं आणि गर्दीही नसते. साडेअकराला जेवण, मग दुपारची झोप, तीनला पुन्हा बाहेर आणि सातला रात्रीचं जेवण. हॉटेलवाले नाश्ता साडेसात-आठला देतात. म्हणून चहाची किटली, बिस्किटं आणि घरचे लाडू खोलीत असू द्या. रिकाम्या पोटी मधुमेहाच्या माणसाला फिरवू नका.

कधी जावं

जानेवारी ते मार्च. समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि एप्रिल-मेचा दमट उकाडा सुरू झालेला नसतो. मेच्या उत्तरार्धापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस पाठ सोडत नाही, शिवाय चक्रीवादळांचा काळ. दिवाळीची सुट्टी जोडून जाणाऱ्यांच्या बोटी रद्द होतात त्या यामुळे. नाताळाचा आठवडा गर्दी आणि दर, दोन्हींसाठी टाळलेला बरा.

बोटीचा प्रवास

या सहलीत सगळ्यांत जास्त विचार बोटीचा करायला हवा. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला जायला मक्रुझ, नॉटिका यांसारख्या खासगी वेगवान बोटींना साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास. सरकारी बोट स्वस्त, पण तिची तिकिटं मिळणं अवघड. खासगी बोट वातानुकूलित आणि बंदिस्त असते. आत गारठा असतो, म्हणून शाल किंवा स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. बोट सकाळची घ्या. दुपारनंतर वारा वाढला की समुद्र खवळतो.

बोट लागण्याची भीती अनेकांना असते. जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ मागून घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. निघण्यापूर्वी हलकं खाणं हवं, इडली किंवा टोस्ट. उपाशीपोटी मळमळ वाढते. नजर दूर क्षितिजावर ठेवायची, मोबाइल नाही. आल्याची वडी, आवळासुपारी चघळायला द्या. गोळी द्यायची असेल तर आधी घरच्या डॉक्टरांना विचारा. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्या बाधूही शकतात. औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊन देण्याची ही गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ सुरू असेल तर सकाळी ती घेतल्यावर वारंवार लघवीला जावं लागतं. बोटीत स्वच्छतागृह असतं, पण हलत्या बोटीत उठून जायची भीती वाटते. म्हणून म्हातारी माणसं आदल्या रात्रीपासून पाणी पिणंच बंद करतात आणि दुपारपर्यंत चक्कर येते. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. बोटीत बसल्यावर स्वच्छतागृहाजवळची कडेची जागा मिळते का पाहा आणि स्वतःहून विचारा, ‘जाऊन यायचं का?’ त्यांना विचारायला लावू नका.

जेट्टीवरची चाल लांब असते, वर ऊन. सामान हमालाकडे द्या आणि तुमचा एक हात मोकळा ठेवा. भरती-ओहोटीप्रमाणे बोट आणि धक्का यांच्यातली उंची बदलते. फळीवर पाय टाकताना तुम्ही पुढे उतरा आणि तोंड त्यांच्याकडे करून दंड धरा. लहान बोटींच्या धक्क्यावर खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तिथे चप्पल नको, मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल हवी.

सेल्युलर जेल

या ठिकाणाला अर्धा दिवस द्या, सकाळचा. दार उघडताच आत जा. सहल कंपन्यांचे मोठे गट येण्याआधी तासभर शांतता मिळते.

१८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग बांधला. मधल्या मनोऱ्यापासून सात हात फुटलेले, त्यांतले आज तीनच उभे आहेत. प्रत्येक हाताची पुढची बाजू दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला समोर दुसरा माणूस दिसायलाच नको. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद खोली आणि मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. अंगणात घाण्याची प्रतिकृती आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं म्हणजे काय, हे तो लाकडी दांडा पाहिल्यावर अंगावर येतं.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला आहे. जिना चढावा लागतो. आधी खालचं सगळं पाहत बसू नका, ताजेतवाने असतानाच वर जा. दर मजल्याच्या व्हरांड्यात थांबा, गजांमधून येणारा समुद्राचा वारा घ्या, मग पुढचा जिना. माझी आई त्या कोठडीत गेली आणि जमिनीवरच बसली. भिंतीला हात लावून ती बराच वेळ काही बोलली नाही. गाइड पुढच्या मुद्द्याकडे वळला होता. अशा वेळी गाइडला पुढे जाऊ द्यावं. आपल्या माणसाला तिथे जेवढं थांबायचं आहे तेवढं थांबू द्यावं, याचसाठी तर एवढा समुद्र ओलांडलेला असतो. ज्यांना जिना झेपणारच नाही, त्यांच्यासाठी कोठडीचा व्हिडिओ काढून आणा आणि खालच्या एखाद्या रिकाम्या कोठडीत त्यांना निवांत उभं राहू द्या. खोली तीच, झरोका तोच.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवा. एकाच दिवशी दोन्ही केलं की मनाला आणि पायांनाही फार होतं. कार्यक्रम उघड्यावर असतो, डासांसाठी मलम आणि पाठीला आधार म्हणून छोटी उशी न्या.

राधानगर आणि भरतपूर

स्वराज द्वीपच्या जेट्टीपासून राधानगर किनारा साधारण बारा किलोमीटर. ‘टाइम’ने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त थेट पाण्यात. पण पाचला पोहोचलात तर काहीच हाती लागणार नाही, साडेतीनलाच जा. घडीचा हलका स्टूल न्या, कारण वाळूत बसलेल्या माणसाला गुडघ्यांमुळे उठता येत नाही आणि मग त्या धास्तीने म्हातारी माणसं बसतच नाहीत. रानातली उंच झाडं थेट वाळूपर्यंत आली आहेत, त्यांच्या सावलीत स्टूल टाकला की तास-दीड तास सहज जातो. अंधार पडायच्या आत किनारा रिकामा करायला सांगतात. मगरींबद्दलचे किंवा लाल बावट्याचे फलक जिथे असतील तिथे ते तंतोतंत पाळा.

पाण्यात उतरायचं असेल तर शहीद द्वीपचा भरतपूर किनारा बरा, उथळ आणि शांत. ओहोटीला मात्र तळाचं प्रवाळ उघडं पडतं आणि ते काचेसारखं कापतं. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला जखम झालेली कळतही नाही. अनवाणी चालायला देऊ नका, तापलेल्या वाळूतही नाही. खोलीवर परतल्यावर तळवे धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट बघा. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि मासे बसल्या जागी दिसतात. बोटीत चढताना घोटाभर-गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, एवढंच लक्षात ठेवा.

काय सोडावं

बाराटांग सोडा. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग, ताफ्यातून प्रवास, मग बोट, मग चुनखडीच्या गुहांपर्यंत ओबडधोबड वाटेने पायपीट. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्यांच्या घरातून आपली वर्दळ जितकी कमी तितकी चांगली, असं मला मनापासून वाटतं. शहीद द्वीपचा नैसर्गिक दगडी पूलही गुळगुळीत, निसरड्या खडकांपलीकडे आहे, तोही नको.

त्याऐवजी रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरहून बोटीने थोड्याच मिनिटांचं अंतर आणि आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या. इंग्रजांच्या या जुन्या ठाण्याच्या भिंती आज झाडांच्या मुळांनी आवळल्या आहेत, हरणं अगदी जवळ येतात. दीपगृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्या तुम्ही एकट्याने उतरून या.

खोली, जेवण, औषधं

खोली तळमजल्यावरची, जेवणघराच्या जवळची. ‘समुद्राकाठची कॉटेज’ म्हणजे कित्येकदा चार-पाच पायऱ्या आणि खडीची वाट असते. हॉटेलला स्वतः फोन करा, न्हाणीघराचा फोटो मागवा. कमोड, कोरडी फरशी आणि धरायला काहीतरी हवंच. वीज जाते, म्हणून उशाशी विजेरी.

स्वराज आणि शहीद द्वीपांवर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. त्यामुळे ताजा मासा आणि भात झकास मिळतो. शाकाहारी थाळीही मिळते. वरण-भात-तूप सांगितलं की बहुतेक ठिकाणी करून देतात. मेतकूट, लिंबाचं लोणचं सोबत असलं की काळजी नाही. शहाळी मुबलक मिळतात, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा.

औषधं सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत वाटा, दोन्ही हातातल्या सामानात. औषधांची घटकनावांसह यादी आणि शेवटचा ईसीजी मोबाइलमध्ये असू द्या. ईसीजीची छापील प्रतही ठेवा, कारण लहान बेटांवर इंटरनेट दगा देतं. तिथे आरोग्य केंद्रं आहेत, पण मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, गोविंद बल्लभ पंतांच्या नावाचं. छातीत दुखणं, पक्षाघात असं अलीकडे झालेलं असेल तर डॉक्टरांनी मोकळेपणाने हो म्हटल्याशिवाय लहान बेटांवर मुक्काम करू नका. पोर्ट ब्लेअरलाच राहून रॉस बेट, चॅथमची लाकूड गिरणी आणि पंचवीस किलोमीटरवरचा चिडिया टापूचा सूर्यास्त, एवढ्यातही चार दिवस छान जातात.

परतीचा दिवस

शहीद द्वीपहून सकाळच्या बोटीने निघून त्याच दुपारचं विमान पकडायचं, हा बेत कधीही करू नका. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि पुढचं तिकीट वाया जातं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला हवी ती यासाठी. त्या दुपारी नातवंडांसाठी शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्या असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती जवळ ठेवा. किनाऱ्यावर वेचलेले शंख, प्रवाळाचे तुकडे नेण्यास मनाई आहे, विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते. सकाळच्या फेरीत आईने पदराच्या टोकाला बांधलेले चार शंख असतील, तर ते निघण्याआधी वाळूत परत ठेवायला लावा.