चौथ्या मजल्यावरचे वैयावृत्त्य

वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांच्या परिसरात तळमजला अधिक चार मजले अशा बांधणीच्या जुन्या इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत. भुलेश्वर, काळबादेवी, मशीद बंदर येथे पेढी आणि तिथेच कुठेतरी एका खोलीत बिऱ्हाड, अशा अवस्थेत संसार केलेल्या अनेक जैन कुटुंबांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत येथे घर घेतले. घर ऐसपैस मिळाले, मंदिर आणि उपाश्रय हाकेच्या अंतरावर आले, मुलांना पाठशाळा लाभली. लिफ्ट नव्हती, पण चाळिशीतल्या गृहस्थाला चार जिन्यांचे काय ओझे! तोच गृहस्थ आज ऐंशीच्या घरात आहे. गुडघे झिजले आहेत, एकदा घसरून पडल्याने खुब्याचे हाड मोडून गेले आहे. मंदिराची घंटा घरात ऐकू येते आणि दर्शन महिनोन्‌महिने घडत नाही. लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत निघतो तेव्हा खालच्या मजल्यांवरचे सभासद खर्चाला हरकत घेतात, आणि पुनर्विकासाच्या आशेवर आणखी काही वर्षे सरतात.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा एकत्र करून जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरांमागे जवळपास दहा माणसे साठी ओलांडलेली होती. जैन समाजापुढील चित्र अधिक बोलके आहे. राज्यात सुमारे १४ लाख जैन, म्हणजे देशात सर्वाधिक. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन स्त्रियांचा जननदर १.२ इतका, सर्व धर्मसमूहांत सर्वांत कमी, आढळला. लहान कुटुंबाचे कौतुक सर्वांनीच केले. त्याचा दुसरा अर्थ असा की एकुलता मुलगा आणि एकुलती सून यांच्या वाट्याला चार वृद्ध येतात, आणि त्यांतील दोघे बहुधा दुसऱ्याच गावी असतात.

आजारपण आणि दीर्घकालीन परिचर्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळ घरांत फार उशिरा ध्यानी येते. आजारपणात रुग्णालय असते, डॉक्टर असतात, घरी परतण्याची तारीख असते. परिचर्येला तारीख नसते. स्नान, वस्त्रे नेसणे, शौच, अंथरुणातून उठणे, मलमूत्राचे नियंत्रण, जेवणे या सहा क्रिया माणूस स्वतः करू शकतो का, ही तिची कसोटी. यांतील दोन-तीन सुटल्या की घराचे सारे वेळापत्रक बदलते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा; नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या भरून येण्यास महिने लागतात.

व्यापारी घराला हिशोब समजतो, म्हणून हिशोबही पाहावा. ब्युरोकडून येणाऱ्या मदतनिसाचा बारा तासांचा दर ८०० रुपये धरला तर महिन्याचे २४,००० होतात. दिवस-रात्र दोघे ठेवले तर ४८,०००. औषधे, डायपर, फिजिओथेरपी निराळी. नेहमीच्या आरोग्य विम्याचा या खर्चाला उपयोग नाही, कारण तो रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. ही मोठी सोय आहे आणि वय वंदना कार्ड प्रत्येक घराने काढून घ्यावे. पण तेही रुग्णालयाच्या दारापर्यंतच सोबत करते.

मग प्रत्यक्षात सारे कोण करते? कर्ता पुरुष सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि दुकान वाढवून रात्री नऊ-दहाला परततो. उरते सून, आणि तीही आता पन्नाशीला आलेली. तिच्या कष्टाची नोंद कोणत्याही चोपडीत होत नाही. ‘आमच्याकडे बा-बापूजी घरीच असतात’ असे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा हा अभिमान कोणाच्या पाठीच्या मणक्यावर उभा आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

जैन घरात यात आणखी काही गाठी पडतात. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात बाहेरचा मदतनीस कसा वावरणार, तो स्वतःचा डबा कुठे खाणार, यावरून चार-आठ दिवसांत माणसे काम सोडून जातात. स्वच्छ बोलणी पहिल्याच दिवशी केली तर हा प्रश्न पुष्कळदा सुटतो. ती टाळली जातात. चौविहाराचा प्रश्न अधिक नाजूक. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या सासूबाईंना रात्री नऊची गोळी कशी द्यायची? अनेक औषधांच्या वेळा डॉक्टर बदलून देऊ शकतात, मात्र त्यांना ते आधी सांगावे लागते. जिथे वेळ बदलता येत नाही तिथे पच्चक्खाणातील आगारांची आठवण ठेवावी: गंभीर व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक परंपरेनेच ठेवलेली आहे. गुरुमहाराजांना विचारून घेतले तर वृद्धाच्या मनावरचे ओझे उतरते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गोष्ट आणखी निराळी. त्याला आपण जेवलो हे आठवत नाही, रात्री अकराला तो थाळी मागतो. आणि ज्याने पन्नास वर्षे चौविहार पाळला त्याला अन्न द्यावे की नियम जपावा, या प्रश्नाने सून रडकुंडीला येते. तिला या क्षणी उपदेश नको असतो, घरातील कोणीतरी ‘दे’ किंवा ‘नको’ हे जबाबदारीने सांगायला हवे असते.

परंपरेत या कामाला फार वरचे स्थान आहे. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य गणले आहे आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ‘ग्लान’, म्हणजे रोगी, याचा स्वतंत्र निर्देश आहे. नंदिषेण मुनींची कथा पर्युषणात अनेकांनी ऐकली असेल: त्यांच्या सेवाभावाची परीक्षा घेण्यासाठी देव अतिसाराने ग्रासलेल्या साधूचे रूप घेऊन येतो, खांद्यावर बसून शिव्या देतो, अंगावर मलविसर्जन करतो, आणि मुनींचे चित्त विचलित होत नाही. कथेतला हा तपशील कथाकार बहुधा घाईने उरकतात. वास्तविक कथेचे मर्म तिथेच आहे. सेवा म्हणजे नेमके काय असते हे ती आडपडदा न ठेवता सांगते.

थकलेल्या जनावरांसाठी समाजाने शतकानुशतके पांजरापोळी चालविल्या. मुंबईची पांजरापोळ सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने १८३४ साली उभी राहिली. दूध न देणाऱ्या गाईला अखेरपर्यंत आश्रय हवा, तो फुकट नव्हे तर निधी बांधून द्यावा लागतो, हे ज्या समाजाला दोनशे वर्षांपूर्वी कळले, त्याने माणसाच्या वार्धक्यासाठी तशी तजवीज का केली नाही? ते काम घराचे आहे, असे गृहीत धरले गेले. तेव्हाचे घर निराळे होते.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द उच्चारला की बैठकीत शांतता पसरते. परंतु स्मृतिभ्रंशाच्या प्रगत अवस्थेत चार भिंतींतले घर पुरे पडत नाही, हेही खरे आहे. नालासोपारा पश्चिमेला राजोडी येथे शैलेश मिश्रा यांच्या ‘सिल्व्हर इनिंग्ज’ने वृद्धांसाठी, विशेषतः स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी, ‘स्नेहांजली’ हे निवासी केंद्र सुरू केले. असे केंद्र आपल्याच परिसरात असू शकते, हे येथील कित्येक घरांना ठाऊकही नसते.

मिळकतीच्या बाबतीत मात्र सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस देण्यास अवघे २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे बक्षीसपत्रे सहज होतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळू शकते. पण डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईला न्यायालयाने घर परत मिळवून दिले, तेव्हा मुलाने सांभाळाचे दिलेले लेखी वचन निर्णायक ठरले. तेव्हा बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच लिहावी. ज्या घरात प्रेम आहे तिथे हे एक वाक्य कोणाला बोचू नये. निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. महाराष्ट्रात १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांना मार्गदर्शनही मिळते.

जपानने एप्रिल २००० पासून परिचर्येसाठी सक्तीचा विमा सुरू केला. तिथे चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो. आपल्याकडे ते नजीकच्या काळात घडेल असे दिसत नाही. कोझिकोडचे उदाहरण मात्र अनुकरणास सोपे आहे. १९९३ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे लहानसे काम सुरू झाले, पुढे गल्लोगल्ली शेजाऱ्यांना प्रशिक्षण देऊन घरी जाऊन सेवा करणारी पथके तयार झाली, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरणच केले.

वसई-विरारच्या संघांकडे उपाश्रय आहेत, युवक मंडळे आहेत, चातुर्मासात भरघोस चढावे होतात. एका खोलीत हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजन यंत्र ठेवून नोंदवहीवर देण्या-घेण्याची सोय करता येईल. आज ही साधने एका घरी काम संपले की माळ्यावर धूळ खातात. सोबत एक इन्व्हर्टरही हवा. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत रेल्वे बंद पडली तेव्हा वसईत वीजही गेली होती, आणि ही यंत्रे विजेवर चालतात. जिना उतरवून मंदिरापर्यंत खुर्ची नेण्यासाठी चार धडधाकट तरुण महिन्यातून एकदा पुरे. आणि रविवारी तीन तास एखादी शिकलेली श्राविका बांजवळ बसली, तर सूनबाई व्याख्यानाला जाऊ शकतील, किंवा नुसत्याच झोपतील.