सोन्याचे उजाड गाव

शेतीवर वसलेले गाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण जमीन दर पावसाळ्याला नवे दान देते. खाणीवर वसलेल्या गावाचे तसे नसते. खाण आपले धन एकदाच देते. पहिली कुदळ पडते त्याच दिवशी अशा गावाच्या आयुष्याची मोजदाद सुरू होते. हे ज्याला डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेतील बोडी या गावी जावे.

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेजवळ, सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडच्या अंगाला, सुमारे ८,३७५ फूट उंचीवर हे गाव आहे. म्हणजे आपल्या उटकमंडाहूनही हजारएक फूट उंच. मात्र उटीची हिरवाई येथे नाही. उघड्या टेकड्या, त्यांवर करड्या रंगाची खुरटी झुडुपे आणि हिवाळ्यात माणसाला उभे राहू न देणारे बर्फाळ वारे. १८५९ साली डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या गृहस्थाला येथे सोन्याचा माग लागला. त्याच हिवाळ्यात हिमवादळात सापडून तो मरण पावला. गावाला त्याचे नाव मिळाले. सोने मात्र त्याला लाभले नाही.

पुढे पंधरा-सोळा वर्षे तेथे फारसे काही घडले नाही. मग एका खाणीत दरड कोसळली आणि तिच्यामागे सोन्याने समृद्ध असा खडक उघडा पडला. ‘स्टँडर्ड’ कंपनीची भरभराट पाहून माणसांची रीघ लागली. १८८० च्या सुमारास येथील वस्ती सात ते दहा हजारांपर्यंत गेली असावी, असा अंदाज केला जातो. दुकाने, पेढ्या, वृत्तपत्रे, असंख्य मद्यालये आणि चिनी लोकांची स्वतंत्र वस्ती, असा सारा संसार तीन-चार वर्षांत उभा राहिला.

खडकातून सोने निघते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. खाणीतला खडक गिरणीत येई. तेथे उखळातल्या मुसळांप्रमाणे लोखंडी अवजड ठोकळे अहोरात्र त्यावर आदळत आणि पाण्याबरोबर त्याचा गाळ करीत. हा गाळ पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहू देत. पारा सोन्याला धरून ठेवी. मग तापवून पारा उडवून लावला की सोने हाती येई. या गिरण्या वाफेवर चालत, आणि वाफेसाठी लाकूड हवे. गावात तर झाड नाही! म्हणून १८८१ साली मोनो सरोवरापलीकडच्या जंगलापर्यंत सुमारे ३२ मैलांचा अरुंद लोहमार्ग घालण्यात आला. तो देशातील दुसऱ्या कोणत्याही लोहमार्गाला जोडलेला नव्हता. त्याचे काम लाकूड वाहण्याचे.

तरीही खर्च भागेना. तेव्हा स्टँडर्ड कंपनीने १३ मैलांवरच्या ओढ्यावर जलविद्युत्‌ केंद्र उभारले आणि १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तारांवरून वीज आणून गिरणी चालविली. विजेने एवढे अंतर कापावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आपल्याकडे १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्राची वीज नव्वदहून अधिक मैल दूर कोलारच्या सुवर्णखाणींना पोहोचली, तिचेच हे थोरले भावंड म्हणावयाचे.

पण यंत्र सुधारले तरी खडकातले सोने वाढत नाही. १८८० नंतर लवकरच ओहोटी लागली होती. १८९२ आणि १९३२ साली मोठ्या आगी लागल्या, आणि १९४२ साली महायुद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करविल्या. जाणाऱ्यांनी घरातले सामान बहुधा जागीच टाकले, कारण ते डोंगर उतरवून नेण्याचा खर्च सामानाच्या किमतीहून जास्त होता.

१९६२ साली राज्याने हे गाव ताब्यात घेऊन ऐतिहासिक उद्यान केले. तेथे पाळलेले धोरण मननीय आहे. गाव पुन्हा नव्यासारखे करावयाचे नाही आणि पडूही द्यावयाचे नाही. छप्पर गळले तर दुरुस्त करतात, भिंत कलली तर टेकू देतात. परंतु रंग देत नाहीत आणि आतली धूळ झाडीत नाहीत. क्षय आहे तेथेच थोपवून धरावयाचा, एवढेच. सुमारे शंभर वास्तू आज उभ्या आहेत. खिडकीतून डोकावले तर शाळेतली बाके, दुकानाच्या फळ्यांवरचे डबे आणि घरातली मोडकी खाट दिसते. प्रवाशाने खाणेपिणे बरोबर न्यावे. शेवटचे तीन मैल कच्च्या रस्त्याचे आहेत, आणि हिवाळ्यात मोटार तेथवर पोहोचत नाही. गंजलेला खिळासुद्धा उचलण्यास मनाई आहे. तो नेणाऱ्याला शाप लागतो अशी वदंता आहे, आणि घाबरून वस्तू परत पाठविणाऱ्यांची पत्रे तेथे खरोखरच येतात.

श्रोतेहो, कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. तेथे गाळाचे प्रचंड ढिगारे उरले आहेत. परंतु माणसेही उरली आहेत, आणि त्यांतील कित्येकजण रोज आगगाडीने बंगळूरला कामाला जातात. बोडीची माणसे पांगल्यामुळे त्यांची घरे जपणे सोपे झाले. जेथे माणसे आहेत तेथे नुसती घरे जपून भागत नाही. आधी त्यांच्या पोटाची सोय पाहावी लागते. खाण उघडताना तिच्यातून किती सोने निघेल याचा हिशेब सगळेच करतात. ती मिटल्यावर तिच्या आधाराने जगणाऱ्यांचे काय, हा हिशेबही त्याच वहीत, त्याच दिवशी मांडला गेला पाहिजे. बोडीच्या बंद दारांसमोर उभे राहिल्यावर प्रथम आठवतो तो हा राहून गेलेला हिशेब.