बर्फातले विमानवाले

रात्रीची जेवणे झाली होती. आमच्या साक्षरता वर्गाची मंडळी हळूहळू जमत होती. वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश होता. म्हणून सगळे शेजारच्या घरी टेलिव्हिजनपुढे बसले होते.

पडद्यावर बर्फच बर्फ दिसत होते. आकाश पांढरे आणि जमीनही पांढरी. त्यातून एक लहानसे विमान घरघर करीत चालले होते. वारा त्याला पतंगासारखा हलवत होता. विमानात एकटाच माणूस होता. त्याच्या मागे पोती, खोकी आणि टपालाच्या थैल्या रचलेल्या होत्या. आता विमान पडते की काय, असे वाटले. तेवढ्यात जाहिरात लागली. विमान राहिले आकाशात आणि पडद्यावर आला साबण!

एक आजोबा चिडून म्हणाले, "गुरुजी, हा माणूस तिकडं मराले कायले जाते जी? घरी खायाले नाही का त्याच्या?"

सगळे हसले. पण आजोबांचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या रात्री आम्ही वर्गात त्यावरच बोललो. तेच येथे सांगत आहोत.

रस्ता नाही, म्हणून विमान

अमेरिका देशाच्या अगदी उत्तरेला अलास्का नावाचे राज्य आहे. अमेरिकेने हा मुलूख १८६७ साली रशियाकडून विकत घेतला. आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून तो मोठा आहे. पण माणसे किती? २०११ च्या गणतीत आपल्या एका वर्धा जिल्ह्यात १३ लाख लोक होते. त्या अख्ख्या अलास्कात २०२० साली साडेसात लाखही भरले नाहीत.

एवढ्या मोठ्या मुलखात गावे कुठे एक, तर कुठे दुसरे. मध्ये डोंगर, दलदल आणि बर्फ. पुष्कळ गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. अहो, अलास्काची राजधानी जुनो. तेथेही बाहेरून मोटारीने जाता येत नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने जा.

मग गावात मीठ, पीठ, औषध, टपाल कसे यावे? बाळंतपणात अडलेल्या बाईला दवाखान्यात कसे न्यावे? पूर्वी हे काम कुत्रे करीत. बर्फावरून घसरणारी चाकाविना गाडी असे आणि ती ओढायला कुत्र्यांची रांग असे.

१९२५ च्या जानेवारीत तेथल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. मुले दगावू लागली. औषध होते फार दूर. विमाने तेव्हा निघाली होती. पण त्यांत माणूस उघड्यावर बसे. त्या थंडीत विमान पाठवणे लोकांना फार धोक्याचे वाटले. शेवटी वीस गाडीवाल्यांनी आपापल्या कुत्र्यांनिशी ते औषध हातोहात पुढे नेले. एक हजार किलोमीटरहून लांबची वाट त्यांनी साडेपाच दिवसांत कापली आणि औषध पोचवले.

पुढे विमाने सुधारली. मग कुत्र्यांच्या गाडीचे काम विमानावर आले. आपल्याकडे खेड्यात एस. टी. येते, तसे तिकडे हे लहान विमान येते. विमान चालवणाऱ्याला वैमानिक म्हणतात. त्या रानातला वैमानिक म्हणजे एस. टी.चा डायव्हर, पोस्टमन आणि वाणी, तिन्ही एकदमच. आजोबांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. तो मरायला जात नाही. लोकांना जगता यावे म्हणून जातो, आणि तोच त्याच्या पोटाचा धंदा आहे.

अशा वैमानिकांवर टेलिव्हिजनचे पुष्कळ कार्यक्रम निघाले. 'फ्लाइंग वाइल्ड अलास्का' हा कार्यक्रम २०११ आणि २०१२ साली दाखवला गेला. त्यात उनालाक्लीट या गावचे जिम ट्वेटो आणि त्यांचे कुटुंब होते. कॅनडा देशातला 'आइस पायलट्स' हा कार्यक्रम २००९ ते २०१४ पर्यंत चालला. त्यात यलोनाइफ या गावाहून उडणारी जुनी, दोन इंजिनांची डकोटा विमाने दिसतात. डकोटा हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

थंडी काय करते?

आपल्याला ऊन ठाऊक आहे. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पण यलोनाइफला हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत काय होते, ते पाहू.

पहिली गोष्ट तेलाची. आपल्या घरी हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते. मग आपण बाटली उन्हात ठेवतो. विमानाच्या इंजिनातले तेलही तसेच घट्ट होते. मग इंजिन फिरणार कसे? जुने वैमानिक मुक्कामाला उतरले, की इंजिनातले गरम तेल काढून डब्यात भरीत. तो डबा रात्री घरात शेगडीजवळ ठेवीत. सकाळी इंजिनावर जाड कापड टाकून खालून शेगडीची ऊब देत, आणि तेल गरम करून परत ओतीत. इतके सगळे केल्यावर विमान उडे.

दुसरी गोष्ट चाकांची. भुसभुशीत बर्फात चाक रुतते. म्हणून विमानाला चाकांच्या जागी लांब, सपाट पट्ट्या लावतात. त्यांवरून ते घसरत उतरते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. ढगातून जाताना विमानाच्या पंखांवर बर्फाचा थर चढतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीचे चाक कसे चिखलाने जडावते? तसे विमान जडावते. पण नुसते वजनच वाढत नाही. पंखाचा आकार बिघडतो. पंखाच्या विशिष्ट आकारामुळेच वाहती हवा विमानाला वर उचलून धरते. आकार बिघडला, की हवा नीट वाहत नाही आणि विमान खाली येऊ लागते. बंडी चिखलात थांबवता येते, चाक खरवडता येते. आकाशात थांबणार कोठे?

चौथी गोष्ट नजरेची. खाली बर्फ, वर पांढरे ढग. मग जमीन कोठे संपली आणि आकाश कोठे सुरू झाले, तेच कळत नाही. चांगले डोळे असूनही माणूस आंधळा होतो.

आपल्या देशातला बर्फ

तुम्ही म्हणाल, हे सारे परदेशातले झाले. आपल्याकडे असे कोण आहे? आहेत तर!

आपल्या देशाच्या उत्तर टोकाला लडाख आहे. त्याचे मुख्य गाव लेह. ते समुद्रापासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंच आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत शत्रू लेहच्या रोखाने येत होता. लेहला तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. फौज पायी न्यावी, तर फार दिवस लागणार.

लेहमध्ये सोनम नोर्बू नावाचे लडाखी इंजिनियर होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरले आणि सिंधू नदीजवळच्या वाळूत विमान उतरण्यापुरती जागा सपाट केली. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने तेथे विमान उतरवले. त्यांच्याबरोबर सेनापती थिमय्याही होते. ते विमान कोणते? तेच, डकोटा!

डोंगर ओलांडायला त्यांना वीस हजार फुटांहून उंच जावे लागले. तेथे हवा इतकी विरळ, की माणसाला दम लागतो आणि इंजिनाचीही ताकद घटते. पंखांवरचे बर्फ काढायची सोय त्या विमानात नव्हती. तरी ते उतरले. मग दुसरी विमाने सैनिक घेऊन गेली, आणि लेह वाचले. मेहर सिंगांना महावीर चक्र मिळाले. काश्मीरच्या त्याच लढाईत आपले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर यांनीही महावीर चक्र मिळवले. पुढे १९७६ ते १९७८ ते हवाई दलाचे प्रमुख होते.

डकोटा आपल्या शेजारीही येत असे, बरे का. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघत आणि आपल्या नागपूरला भेटत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मग ती विमाने आपापल्या गावी परत जात. त्या विमानांत डकोटाही असत. ती सेवा पुढे बंद झाली.

आज सियाचीनच्या बर्फात १९८४ पासून आपली फौज उभी आहे. आपल्या गावांतलीही मुले फौजेत आहेत. तेथे चीता नावाचे लहान हेलिकॉप्टर रॉकेल आणि अन्न नेते, आणि आजारी जवानाला खाली आणते.

पडद्यावर न दिसणारी गोष्ट

आता मुद्द्याचे सांगतो. टेलिव्हिजनवाले महिनोन्महिने चित्रे घेतात. त्यातले निवडून पाऊण तासाचा खेळ करतात. जेथे धोका, तेथे ढोल वाजवतात. पण हवा सुधारण्याची वाट बघत वैमानिक दोन दोन दिवस चहा पीत बसतो, ते कितीसे दाखवतात? अर्ध्या वाटेवरून तो गुपचूप परत येतो, ते बघायला कोण बसेल?

पण खरे कसब तेथेच आहे. पुढे जाणे पुष्कळांना जमते. परत फिरणे थोड्यांना जमते. मागे सामान असते, पुढे लोक वाट बघत असतात, मालक विचारणार असतो. तरी 'आज नाही' असे म्हणणे सोपे नाही. लेहला निघालेले विमान हवा बिघडली तर आजही न उतरता परत येते. प्रवासी कुरकुर करतात. पण ते घरी पोचतात.

ज्या जिम ट्वेटोंचा कार्यक्रम लोकांनी आवडीने पाहिला, ते जून २०२३ मध्ये अलास्कातच विमान कोसळून गेले. दोष कोणाचा, ते आपण येथे बसून ठरवू नये. पण एक कळते. जन्मभराचा अनुभव असला, तरी धोका संपत नाही. तो रोज नव्याने तपासावा लागतो.

आपल्या नाल्याकाठी

हे सांगताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. एका पावसाळ्यात आम्ही जीपमधून वर्गाला निघालो होतो. वाटेत नाल्याच्या रपट्यावरून पाणी चालले होते. फार नव्हते, गुडघाभर असेल. ड्रायव्हरने गाडी थांबवली. आम्हीच घाई केली. म्हटले, "चला हो, लोक खोळंबले असतील."

तो म्हणाला, "साहेब, पाण्याखाली रपटा आहे का नाही, मले दिसत नाही. मी गाडी घालत नाही."

आम्ही रागावलो. रात्रभर गाडीत बसून राहिलो. सकाळी पाणी उतरले. पाहतो तो रपट्याचा मधला तुकडा वाहून गेलेला! आम्ही ड्रायव्हरकडे पाहिले. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. आम्हांला फार लाज वाटली.

आपल्याकडे बर्फ नाही. पण वर्धा, वणा, यशोदा, धाम या नद्या आहेत आणि गावोगाव नाले आहेत. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे कोणी मोटारसायकल पाण्यात घालतो, कोणी बैलजोडी घालतो. 'रोजचीच वाट आहे, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचे?' असे म्हणतो. वाहते गढूळ पाणी म्हणजे वैमानिकाचे ते पांढरे आकाशच. खाली काय आहे, ते दिसत नाही. आणि वाहत्या पाण्याचा जोर गाडीलाही ढकलत नेतो.

त्या रात्री आजोबांना आम्ही हेच सांगितले. आजोबा म्हणाले, "म्हणजे परत येणारा भित्रा नसते म्हणा."

नाही आजोबा, भित्रा नसतो.

पुष्कळ पुलांजवळ एक पाटी लावलेली असते. 'पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये.' मागच्या वर्षी तुम्ही त्या पाटीजवळून जात होता, तेव्हा ती नुसती रंगवलेली फळी होती. आता तुम्हांला ती वाचता येते. या पावसाळ्यात ती वाचा आणि थांबा. बरोबरच्या माणसाला वाचता येत नसेल, तर त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा.